ऋण आणि श्रेय

काशीच्या पंचगंगा घाटावरून उत्तरेकडे चालू लागले की ब्रह्मघाटाच्या अलीकडे दुर्गाघाटाच्या पायऱ्या लागतात. घाटाला नाव मिळाले आहे ते जवळच्या ब्रह्मचारिणी दुर्गेच्या देवळावरून. बांधकाम अठराव्या शतकातले. ते पेशव्यांचे गुरू नारायण दीक्षित यांनी करविले आणि त्यासाठी जागा तेथल्या मल्लाहांकडून विकत घेतली, असे परंपरा सांगते. या घाटाच्या वरच्या गल्ल्यांतून गेली कित्येक शतके महाराष्ट्रातून आलेली घराणी नांदत आली. कोणी वेदपठणासाठी आले, कोणी न्याय-व्याकरणासाठी, कोणी केवळ देह ठेवण्यासाठी. पण त्यांच्याबरोबर गणितही आले, याची आठवण आपण क्वचितच ठेवतो. प्रस्तुत लेखाचा विषय हा गणिती मंडळींच्या विद्याव्यवसायातून निर्माण होणारा एक नैतिक प्रश्न आहे. तो गणितापुरता मर्यादित नाही. साहित्याच्या अभ्यासकाला तर तो पदोपदी भेटतो.

विद्वत्तेचा इतिहास आपण बहुधा श्रेयाचा इतिहास म्हणून लिहितो. अमुक गोष्ट प्रथम कोणी शोधली, अमुक सिद्धांताला कोणाचे नाव आहे, कोणाला कोणते पद आणि कोणता सन्मान मिळाला, या नोंदींची मालिका म्हणजे विद्यापीठीय कारकीर्द. प्राध्यापकाने आपल्या कार्याचे जे निवेदन सादर करावयाचे असते, त्यात जमेची बाजू तेवढी असते. नावे टाकण्याची बाजू त्या कागदावर आखलेलीच नसते. आणि तरीही 'श्रेय' हा शब्द आपल्याकडे फार मोठ्या वंशातला आहे. कठोपनिषदात श्रेय आणि प्रेय असे दोन मार्ग सांगितले आहेत: एक कल्याणाचा, दुसरा प्रिय वाटणाऱ्या गोष्टींचा. आजच्या मराठीत श्रेय दिले जाते, घेतले जाते आणि लाटलेही जाते. जे लाटता येते ते उपनिषदाच्या परिभाषेत प्रेयच म्हटले पाहिजे. शब्द तोच राहिला आणि त्याच्या आतील वस्तू पालटली.

दुसरा शब्द 'ऋण'. गणितात तो शून्याच्या अलीकडील संख्येचा वाचक आहे, व्यवहारात देण्याचा, आणि धर्मशास्त्रात मनुष्य जन्मतःच घेऊन येतो त्या तीन ऋणांचा. त्यांपैकी ऋषिऋण अध्ययनाने फिटते असे मानले गेले. श्रेय आणि ऋण यांचा परस्परसंबंध काय, ज्ञानाच्या क्षेत्रात श्रेयाची इच्छा धरणे उचित आहे काय, आणि ज्याचे श्रेय त्याला न देण्यात नेमका कोणाचा अपराध घडतो, हे प्रश्न येथे विचारात घ्यावयाचे आहेत.

आज ज्याला रैखिक बीजगणित म्हणतात, त्याचे मूळ प्रयोजन अनेक अज्ञात राशींची समीकरणे एकत्र सोडविणे हे होते. भास्कराचार्यांच्या बाराव्या शतकातील 'बीजगणिता'त या प्रकाराला अनेकवर्णसमीकरण असे सुंदर नाव आहे. पहिल्या अज्ञाताला 'यावत्तावत्' म्हणावयाचे आणि पुढच्यांना रंगांची नावे द्यावयाची: काळा, निळा, पिवळा, तांबडा. म्हणून 'अनेकवर्ण'. या ग्रंथावर सतराव्या शतकाच्या आरंभाच्या सुमारास 'बीजपल्लव' नावाची टीका लिहिली गेली. टीकाकार कृष्ण दैवज्ञ. त्याचे घराणे विदर्भातील पयोष्णीकाठच्या दधिग्रामचे; वडील बल्लाळ काशीत येऊन स्थायिक झाले. कृष्णाचा भाऊ रंगनाथ याने १६०३ मध्ये सूर्यसिद्धांतावरील टीका पूर्ण केली. रंगनाथाचा मुलगा मुनीश्वर हाही मोठा ज्योतिषी झाला. गोदाकाठच्या गोलग्रामाहून आलेल्या दुसऱ्या एका घराण्यातील कमलाकराने १६५८ मध्ये काशीतच 'सिद्धांततत्त्वविवेक' हा ग्रंथ लिहिला. या दोन घराण्यांत ग्रंथांतून खंडनमंडन चालले, आणि दोन्ही घराणी महाराष्ट्रातून आलेली होती, हे येथे नमूद करण्याजोगे आहे.

कृष्ण दैवज्ञाची मुख्य प्रतिज्ञा मूळ ग्रंथातील नियमांची उपपत्ती देणे ही आहे. नियम भास्कराचार्यांचा, तो का खरा, हे सांगण्याचे काम टीकाकाराचे. त्याने ऋणत्वाचे जे विवेचन केले आहे, ते आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने फार उपयोगी आहे. तो म्हणतो त्याचा आशय असा: ऋणत्व म्हणजे विपरीतपणा, आणि तो तीन प्रकारचा असतो, स्थळाचा, काळाचा आणि वस्तूचा. पूर्वेला धन मानले तर पश्चिम ऋण. पुढच्या काळाला धन मानले तर मागचा ऋण. आणि द्रव्यावरील स्वामित्व एकाकडे धन म्हणून असेल तर त्याच्या उलट बाजूला ते ऋण. ऋण म्हणजे काही नसणे, असा आपला सर्वसाधारण समज असतो. कृष्ण दैवज्ञाच्या विवेचनातून निघते ते वेगळे. ऋण ही उलट दिशेने असलेली, पण पूर्णतः खरी अशी राशी आहे. तिचे मोजमाप करता येते, तिची बेरीज-वजाबाकी करता येते, आणि तिच्याकडे दुर्लक्ष केले तर पुढील सर्व गणित चुकते.

विद्येच्या ऋणाबाबतही हेच म्हणता येईल. गुरूकडून, पूर्वसूरींकडून, समकालीनांकडून आपण जे घेतो, ते आपल्या हिशेबात उलट चिन्हाने का होईना, पण असतेच. टीकाकाराच्या भूमिकेत ते चिन्ह ग्रंथाच्या पहिल्याच पानावर लावलेले असते. कृष्ण आपला गुरू विष्णू याचे नाव सांगतो. विष्णूचा गुरू नृसिंह, आणि तो नांदगावच्या गणेश दैवज्ञाचा पुतण्या. ही परंपरा सांगण्यात कुळाचा अभिमान आहेच. पण त्यात देणेकऱ्याची प्रामाणिक यादीही आहे. टीका हा वाङ्मयप्रकार आपण दुय्यम मानीत आलो. माझ्या मते तो ऋणाच्या जाणिवेतून जन्मलेला प्रकार आहे, आणि त्याच्या मर्यादा व त्याचे सामर्थ्य ही दोन्ही त्या जाणिवेत आहेत.

एकोणिसाव्या शतकात चित्र पालटले. १७९१ मध्ये काशीत संस्कृत पाठशाळा स्थापन झाली आणि पुढे तिचे सरकारी महाविद्यालय झाले. पगार, पद, सेवानिवृत्ती, विद्वत्सभांचे सभासदत्व ही विद्येची नवी अंगे तिच्याबरोबर आली. या नव्या व्यवस्थेतला आपला पहिला मोठा गणिती म्हणजे नृसिंह ऊर्फ बापूदेव शास्त्री परांजपे. जन्म १८२१ चा. घराणे मूळचे नगर जिल्ह्यातील गोदाकाठच्या टोके गावचे. नागपुरात धुंडिराज मिश्र यांच्याकडे त्यांनी भास्कराचार्यांच्या 'लीलावती'चे आणि 'बीजगणिता'चे अध्ययन केले. लॅन्सलॉट विल्किन्सन या इंग्रज अधिकाऱ्याने त्यांची बुद्धी हेरून त्यांना सिहोरच्या पाठशाळेत नेले. पुढे १८४० नंतरच्या दोन वर्षांत ते काशीच्या महाविद्यालयात अध्यापक झाले आणि १८८९ च्या सुमारास निवृत्त होईपर्यंत, म्हणजे जवळजवळ अर्धशतक, तेथे राहिले. १८६१ मध्ये त्यांचे सूर्यसिद्धांताचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध झाले. १८७८ मध्ये सी.आय.ई. आणि १८८७ मध्ये महामहोपाध्याय असे दोन्ही जगांतील सन्मान त्यांना मिळाले. शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी १८९६ च्या आपल्या 'भारतीय ज्योतिःशास्त्रा'त त्यांच्या कार्याची दखल घेतली आहे.

१८५८ मध्ये बापूदेवांनी बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात एक छोटा लेख लिहिला. भास्कराचार्यांना चलनकलनाचे, म्हणजे ज्याला इंग्रज गणिती न्यूटनाचा शोध समजत होते त्या शास्त्राचे, ज्ञान होते, असे त्यात प्रतिपादन होते. आधार होता तो ग्रहाच्या तात्कालिक गतीच्या विवेचनाचा. ग्रहाची दैनिक गती आणि त्या क्षणाची गती यांत भास्कराचार्य भेद करतात, आणि क्षणाच्या गतीसाठी भुजज्येतील वाढ कोटिज्येच्या प्रमाणात घेतात. लंडनहून विल्यम स्पॉटिसवुड या गणितज्ञाने १८६० मध्ये त्याला उत्तर दिले: साम्य विलक्षण आहे, भास्कराचार्यांचे कौशल्य वादातीत आहे, तथापि शास्त्रीजींचा दावा थोडा जास्त होतो.

या वादात कोण किती बरोबर, हे गणिताच्या इतिहासकारांनी ठरवावे. आपल्या दृष्टीने महत्त्वाचा प्रश्न असा की, बापूदेव येथे नेमके काय करीत होते. पूर्वजांच्या वतीने श्रेय मागणे हे ऋण फेडणे असू शकते आणि ते आयते उत्पन्नही असू शकते. ज्या पूर्वजाचे मोठेपण आपण सांगतो, त्याच्या मोठेपणाचा एक हिस्सा आपल्याही खात्यावर जमा होतो. पराधीन देशातील विद्वानाला या हिश्शाचा मोह होणे स्वाभाविक होते. स्वतंत्र देशातील विद्वानाला तो अधिकच होतो, असा आपला अनुभव आहे. ऋणफेड आणि उत्पन्न यांतील भेद ओळखण्याची खूण कोणती? मला वाटते, ती पुराव्याच्या मांडणीत आहे. बापूदेवांनी श्लोक दिले, गणिताची रीत दिली, आणि ज्या भाषेत प्रतिपक्ष उत्तर देऊ शकेल त्याच भाषेत ती दिली. प्रतिपक्षाने उत्तर दिलेही. ज्या दाव्याला उत्तर देता येते तो दावा ऋणाच्या बाजूचा. पूर्वजांना सर्व काही माहीत होते, असे सांगून जो दावा तपासणीच्या पलीकडे नेऊन ठेवला जातो, त्यात पूर्वजांचे ऋण फिटत नाही; त्यांच्या नावावर नवे कर्ज तेवढे काढले जाते.

बापूदेवांच्या निवृत्तीनंतर चाळीस वर्षांनी, १९२९ मध्ये, हार्वर्डची पदवी घेऊन आलेला एक बावीस वर्षांचा गोमंतकीय तरुण काशी हिंदू विश्वविद्यालयात गणित शिकवू लागला. दामोदर धर्मानंद कोसंबी. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर त्यांचे वडील धर्मानंद याच नगरीत अन्नछत्रात जेवून संस्कृत शिकले होते. त्यांच्या 'निवेदना'त त्या दिवसांचे वर्णन आहे. मुलगा तेथे प्राध्यापक म्हणून आला. दोन वर्षांनी तो अलीगढला गेला, १९३३ पासून पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात बारा वर्षे राहिला, आणि त्यानंतर १९६२ पर्यंत मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत. १९६६ मध्ये पुण्यात त्यांचे निधन झाले. इतिहासकार कोसंबी आपल्याला परिचित आहेत. गणिती कोसंबींच्या कारकिर्दीत श्रेयाचा प्रश्न जितक्या रूपांनी येतो, तितका तो क्वचितच एखाद्याच्या आयुष्यात येत असेल.

१९३१ मध्ये त्यांनी अलाहाबादच्या एका शास्त्रीय नियतकालिकात एक टिपण प्रसिद्ध केले. त्यात त्यांनी एका सिद्धांताचे श्रेय बूर्बाकी नावाच्या, राज्यक्रांतीच्या धामधुमीत मरण पावलेल्या रशियन गणितज्ञाला दिले. असा कोणी गणितज्ञ नव्हताच. अलीगढला असलेल्या आंद्रे वेल या फ्रेंच गणितज्ञाच्या सुचवण्यावरून, एका सहकाऱ्याची फजिती करण्यासाठी केलेली ती थट्टा होती. पुढे वेल आणि त्यांच्या मित्रांनी फ्रान्समध्ये याच नावाने एकत्र ग्रंथलेखन केले, आणि विसाव्या शतकाच्या गणितात बूर्बाकी हे एक मोठे नाव झाले. गणिताच्या शोधनिबंधात ते नाव पहिल्यांदा छापले गेले ते गंगेच्या खोऱ्यात, एका मराठी घरातून आलेल्या माणसाकडून. थट्टेत दिलेले खोटे श्रेय पुढे अनेकांनी आपले वैयक्तिक श्रेय विसर्जित करण्याची जागा झाली, हा योगायोग चिंतनीय आहे.

१९४३ मध्ये, फर्ग्युसनमध्ये असताना, कोसंबींनी भारतीय गणित परिषदेच्या नियतकालिकात फलनांच्या अवकाशातील संख्याशास्त्रावर एक निबंध लिहिला. त्याचा गाभा रैखिक बीजगणिताचा आहे. एखादा सदिश ज्या आधारावर मोजावयाचा तो आधार आपण निवडू शकतो. आधार बदलला की सदिशाचे घटक बदलतात, सदिश बदलत नाही. आता मोजावयाची वस्तू सदिश नसून यदृच्छेने बदलत जाणारी वक्ररेषा असेल, म्हणजे तिला अनंत घटक असतील, तर कोणता आधार निवडावा? कोसंबींचे उत्तर असे की आधार बाहेरून लादू नये. त्या रेषांच्या आपसांतील सहसंबंधातूनच तो काढावा. असे केल्यास घटक परस्परांपासून सुटे होतात, आणि पहिल्या थोड्या घटकांतच बहुतेक सारी माहिती एकवटते. आज ध्वनी आणि चित्रे संक्षेपाने साठविण्यात, चेहरे ओळखण्यात, वाऱ्याच्या आणि पाण्याच्या खळबळाटाचा अभ्यास करण्यात हे तत्त्व वापरले जाते. जग त्याला कारहुनेन–लोएव्ह विस्तार म्हणून ओळखते. कारी कारहुनेन फिनलंडचे, मिशेल लोएव्ह फ्रान्सचे. दोघांनीही ते स्वतंत्रपणे शोधले आणि त्यांचे लेख कोसंबींच्या मागून आले. अलीकडे काही लेखक कोसंबींचे नाव आधी जोडू लागले आहेत. पण सर्वसाधारण पाठ्यपुस्तकात ते आढळत नाही.

पुढच्याच वर्षी, १९४४ मध्ये, त्यांनी गुणसूत्रांवरील जनुकांमधील अंतर मोजण्याचे एक सूत्र दिले. तो निबंध अवघा चार पानांचा. ते सूत्र आजही जगभरच्या आनुवंशिकीत कोसंबींच्या नावानेच वापरले जाते. सलग दोन वर्षांत एकाच माणसाने दोन गोष्टी केल्या. जी अधिक खोल होती तिच्यावर दुसऱ्यांची नावे बसली, आणि जी तुलनेने लहान होती तिच्यावर त्याचे नाव राहिले. पहिला निबंध महायुद्धाच्या काळात भारतातल्या नियतकालिकात आला, दुसरा इंग्लंडमधल्या; एवढ्याने बराच उलगडा होतो. श्रेय हे गुणवत्तेचे माप आहे, असे मानणाऱ्याला हे उदाहरण पुरेसे अस्वस्थ करील. अर्थात कोसंबींच्या निबंधामागेही पिअरसन आणि हॉटेलिंग यांनी सांत घटकांसाठी केलेले काम होते. ऋणाची साखळी कोणाहीपाशी तुटत नाही.

या प्रकरणाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. १९५९ मध्ये कोसंबींनी रीमानच्या प्रसिद्ध गृहीतकाची सिद्धता दिल्याचा दावा केला. सिद्धता टिकली नाही. त्याने त्यांच्या प्रतिष्ठेची मोठी हानी झाली आणि १९६२ मध्ये टाटा संस्थेने त्यांचा करार वाढविला नाही. त्यानंतरचे काही निबंध त्यांनी एस. ड्यूक्रे या टोपणनावाने प्रसिद्ध केले. ज्याने तारुण्यात एका काल्पनिक माणसाला श्रेय दिले होते, त्याला उत्तरायुष्यात काल्पनिक नावाआड उभे राहावे लागले. येथे श्रेयाचे खरे स्वरूप स्पष्ट होते. नाव लावणे म्हणजे केवळ बक्षीस स्वीकारणे नव्हे. नाव लावणारा माणूस उत्तरदायित्व पत्करतो: ही गोष्ट चुकली तर मला विचारा, असे तो सांगत असतो. कोसंबींनी चूक केली, ती स्वतःच्या नावाने केली, आणि तिची किंमत दिली. म्हणूनच १९४३ च्या निबंधावर त्यांचे नाव नसणे हा त्यांच्यावरील अन्याय ठरतो. ज्याच्या नावावर नुकसान लिहिले जाते, त्याच्याच नावावर नफाही लिहिला गेला पाहिजे.

येथे एक गंभीर आक्षेप उपस्थित होतो. ज्ञानाला मालक नसतो. सिद्धांत कोणीही शोधला तरी तो तितकाच खरा असतो. सदिश आधारावर अवलंबून नसतो, तसे सत्य नावावर अवलंबून नसते. शिवाय आपल्या परंपरेत तर कर्त्याने स्वतःला पुसून टाकणे हाच आदर्श होता. मग मृत माणसाच्या नावासाठी एवढा आग्रह कशाला? हा आक्षेप सत्याबाबत बरोबर आहे; पण तो सत्यापर्यंत पोहोचण्याच्या वाटेबाबत मौन पाळतो. आणि हे मौन सहसा कोण पाळतो, याचे उत्तर मला माझ्याच आयुष्यात सापडले.

चाळीसएक वर्षांपूर्वी प्रबंधाच्या कामासाठी मी काशीला गेलो होतो. विषय टीकाग्रंथांच्या गद्याचा होता. एक हस्तलिखित वाचता येईना, तेव्हा कोणीतरी दुर्गाघाटाच्या वरच्या गल्लीतील एका वृद्ध शास्त्रीबुवांकडे पाठविले. त्यांनी चार दुपारी माझ्याबरोबर घालविल्या. टीकाकार 'ननु' म्हणून जी शंका उपस्थित करतो ती नेहमीच प्रतिपक्षाची नसते. पुष्कळदा ती त्याच्या गुरूने त्याला विद्यार्थिदशेत विचारलेली असते, आणि शैलीच्या कोणत्या खुणांवरून ती ओळखावी, हे त्यांनी मला दाखविले. प्रबंधातले ते प्रकरण परीक्षकांनी वाखाणले. पुढे ते स्वतंत्र लेख म्हणून छापले गेले आणि माझे म्हणून उद्धृत होऊ लागले. प्रबंधाच्या ऋणनिर्देशात मी ग्रंथालयांचे, मार्गदर्शकांचे, टंकलेखकाचे आभार मानले आहेत. शास्त्रीबुवांचे नाव त्यात नाही. त्यांनी काही लिहिलेले नव्हते, त्यांच्यापाशी पदवी नव्हती, तळटीप देण्याजोगा ग्रंथ नव्हता. 'मौखिक माहिती' म्हणजे आधार नव्हे, अशी तेव्हा माझी समजूत होती. बारा वर्षांनी पुन्हा गेलो तेव्हा त्या घरात दुसरे कुटुंब राहत होते. त्यांचे पूर्ण नाव मी वहीतही लिहून ठेवले नव्हते, हे त्या दिवशी माझ्या ध्यानात आले. आज ऋण मान्य करावयाचे म्हटले तरी धनकोचे नाव मजपाशी नाही.

ज्ञानाला मालक नसतो, हे वाक्य त्या बारा वर्षांत मी अनेकदा मनाशी म्हटले होते. ते म्हणणे मला सोयीचे होते. या अनुभवानंतर मला असे दिसते की, कर्त्याने स्वतःचे नाव पुसणे आणि दुसऱ्याने ते पुसणे या दोन अगदी भिन्न गोष्टी आहेत. पहिली त्यागाची असते; दुसरीला, कितीही थोर तत्त्वज्ञान लावले तरी, अपहारच म्हटले पाहिजे. यात शास्त्रीबुवांचे काय बिघडले, असे कोणी विचारील. त्यांचे काही बिघडले नसेलही. बिघडले ते माझ्या वाचकांचे: ज्या उगमापाशी जाऊन त्यांना आणखी विचारता आले असते, तो उगम मी झाकला. बिघडले ते त्या विद्येचे, जी पुस्तकात न उतरता माणसांमध्ये जिवंत होती आणि जिची दखलपात्रता मी नाकारली. आणि माझ्या स्वतःच्या हिशेबात एक राशी चिन्ह न लावताच मांडली गेली.

या प्रश्नाला मराठी साहित्याने एक उत्तर फार पूर्वी दिले आहे. एकनाथांनी आपल्या भागवतावरील टीकेची समाप्ती शके १४९५ मध्ये काशीतच केली. त्यांची मुद्रा 'एका जनार्दनी' अशी आहे. कवीचे नाव आणि गुरूचे नाव एकाच श्वासात येते; कोणते कोठे संपते हे वेगळे काढता येत नाही. या मुद्रेत श्रेय घेतले आहे, कारण कर्ता लपलेला नाही. आणि ऋण सांगितले आहे, कारण तो एकटा उभा नाही. त्याच एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, म्हणजे ज्ञानदेवांचे ते ज्ञानदेवांना परत केले. कोसंबींनीही १९४८ मध्ये भर्तृहरीच्या नावावरील श्लोकांची चिकित्सक आवृत्ती काढताना शेकडो हस्तलिखिते पडताळून, सर्वत्र आढळणारे सुमारे दोनशे श्लोक वेगळे काढले. ज्या माणसाच्या सिद्धांतावर दुसऱ्यांची नावे बसली होती, त्याने एका प्राचीन कवीच्या नावावर बसलेले परके श्लोक दूर करण्यात वर्षे घालविली. संपादन हे श्रेयाच्या न्यायदानाचे काम आहे, आणि साहित्याच्या विद्यार्थ्याने ते त्या दृष्टीने पाहावे, असे मला वाटते.

हे न्यायदान नेहमी निःसंदिग्ध असेल असे मात्र नाही. अनेकवर्णसमीकरणात अज्ञात राशी जास्त आणि समीकरणे कमी असली की एकच एक उत्तर मिळत नाही. अनेक उत्तरे समीकरण पूर्ण करतात. भास्कराचार्य तेथे काही राशींना इष्ट मूल्य देतात आणि उरलेल्या काढतात. एखाद्या विचारात गुरूचा वाटा किती, मित्राचा किती, वाचलेल्या पुस्तकाचा किती, अबोध स्मृतीचा किती, या प्रश्नालाही पुरेशी समीकरणे नसतात. वाटणी आपल्यालाच करावी लागते. परंतु काही मूल्ये आपण मानून घेतली आहेत, हे गणिती लपवीत नाही. तो ते पहिल्याच ओळीत सांगतो. उत्तर अनिश्चित आहे म्हणून अज्ञात राशी मांडणीतूनच वगळणे, हे ना गणितात चालते, ना विद्येत. प्रत्येक अज्ञाताला निदान एक रंग तरी द्यावा लागतो.

तेव्हा श्रेयाची इच्छा धरावी की नाही, या प्रश्नाचे माझे उत्तर असे आहे. ती इच्छा नाहीशी करणे बहुतेकांना साधत नाही, आणि साधले तरी त्याने दुसऱ्याचा न्याय होत नाही. क्रम मात्र बदलता येतो. आधी ऋणाची यादी करावी, तीत ज्यांना पदवी नाही, ज्यांचा ग्रंथ नाही, त्यांचीही नावे घालावी, आणि मग जे उरेल त्यावर आपले नाव लिहावे. जे उरते ते पुष्कळदा थोडे असते. पण ते निखळ असते, आणि उपनिषदातल्या अर्थाने ज्याला श्रेय म्हणता येईल असे काही विद्याव्यवसायात असेल, तर ते या क्रमात आहे.

दुर्गाघाटाला बांधणाऱ्याचे नाव नाही आणि जागा देणाऱ्या मल्लाहांचेही नाही. ते देवीचे आहे. तरीही कोणी विचारले तर घाटावरचा माणूस दीक्षितांचे नाव सांगतो, आणि त्याच्या आधी ही जागा कोणाची होती, हेही सांगतो. माझ्या त्या जुन्या लेखाची नवी आवृत्ती निघाली तेव्हा प्रारंभी मी एक ओळ घातली: या लेखातील मुख्य विचार दुर्गाघाटावरील एका शास्त्रीबुवांचा असून त्यांचे नाव लेखकाने टिपून ठेवले नाही. ती ओळ अपुरी आहे. तिच्याहून पूर्ण ओळ मला आता लिहिता येत नाही.